आय ट्रॅकिंगमुळे नवशिक्यांना कोड समजायला खरंच मदत होते का?

तुम्ही विचारलंय की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड ओळ न ओळ वाचूनही डोक्यात शिरत नाही, तर आय ट्रॅकिंगचा, म्हणजे नजर कुठे जाते ते यंत्राने टिपण्याचा, काही उपयोग होईल का. होतो, पण स्वतःसाठी यंत्र विकत घेऊन फारसा नाही. जाणकाराची नजर कोडमध्ये कुठून कुठे जाते हे बघायला मिळालं, तर त्यातून खूप कळतं.

यंत्राचं काम सोपं आहे. स्क्रीनखालचा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात डोळ्याची बाहुली टिपतो आणि त्यावरून नजर कुठल्या शब्दावर आहे ते काढतो. संशोधक तेरेसा बुस्यान आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असं मोजून दाखवलं की नवशिके कोड बराचसा वरून खाली वाचतात. अनुभवी लोक हा क्रम जास्त मोडतात.

नजरेच्या नोंदींचा ईएमआयपी (आय मूव्हमेंट्स इन प्रोग्रॅमिंग) नावाचा एक खुला डेटासेट आहे, 216 प्रोग्रामरांचा. त्यात आयताचा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून चालू होतो त्या भागात, दोन आयत बनतात, एक 0, 0, 10, 10 देऊन आणि दुसरा 5, 5, 10, 10 देऊन. क्षेत्रफळं किती? मी लॅबमध्ये हाच प्रश्न दिला की बरीच मुलं दोन्हीला 100 म्हणतात, कारण शेवटचे दोन आकडे दिसले की दहा गुणिले दहा करून मोकळी होतात. पहिले दोन आकडे एका कोपऱ्याचे आणि शेवटचे दोन लांबी-रुंदी नसून समोरच्या कोपऱ्याचे आहेत, हे कळायला मेनमधून वर कन्स्ट्रक्टरकडे (आयत बनवताना आकडे साठवणारा भाग), तिथून विड्थ मेथडकडे (रुंदी काढणारा भाग) आणि पुन्हा खाली यावं लागतं. दुसऱ्याची बाजू 10 वजा 5 म्हणजे 5, म्हणून उत्तर 25. अशी ये-जा करायची असते हे पाठ्यपुस्तकात कुणी लिहीत नाही, आणि आम्ही शिक्षकही फळ्यावर कोड वरूनच लिहीत सुटतो.

दुसऱ्याची नजर दाखवून फरक पडतो का? स्टाइन आणि ब्रेनन या संशोधकांच्या 2004 च्या प्रयोगात पडला. बग, म्हणजे कोडमधल्या चुका, शोधणाऱ्याच्या नजरेचं रेकॉर्डिंग आधी पाहिलेल्या प्रोग्रामरांना तेच बग लवकर सापडले. ते मात्र व्यावसायिक प्रोग्रामर होते. अगदी कोऱ्या पाटीच्या मुलाला नजरेचा नुसता हलणारा ठिपका दाखवला तर तो गोंधळण्याचीच शक्यता जास्त. सोबत कुणीतरी बोलायला हवं.

आणि नजर थांबली म्हणजे समजलं असं नाही. एखाद्या ओळीवर डोळे खिळले असतील तर पोरगं विचार करतंय, अडकलंय की डब्यात काय असेल याचा अंदाज घेतंय, हे यंत्राला कळत नाही. वेबकॅमवर चालणारी फुकट साधनंही आहेत, पण त्यांची चूक सहज दोन-चार ओळींची असते. कोडसाठी ती जवळजवळ निकामीच.

तुमच्यासाठी स्वस्त उपाय: एखाद्या सीनियरला तुमचाच प्रोग्रॅम द्या, मेनपासून सुरुवात करून माउसचा बाण नजरेबरोबर फिरवत मोठ्याने वाचायला सांगा आणि स्क्रीन रेकॉर्ड करा. मग बाण वर कधी उडी मारतो ते थांबवून थांबवून बघा. प्रत्येक उडीला 'आत्ता हा तिकडे का गेला?' असं त्याला विचारा. बहुतेक वेळा त्याचं त्यालाही पटकन सांगता येत नाही, तेव्हा जरा चिकाटी ठेवा.