मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे. अमेरिकन साहित्याच्या निबंधावर ‘नुसता सारांश’ असा शेरा येतो. घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलीने पुस्तक दोनदा वाचलं, चार पानं लिहिली, एक स्पेलिंग चुकलं नाही, तरी सी प्लस. आणि शेरा काय, तर ‘नुसता सारांश’. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीला इंग्रजी शिकवते. हाच शेरा मीही दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या पेपरवर लिहिते, तेव्हा हे उत्तर बाईंच्या बाजूचं आहे असं समजा.

आधी एक सांगते, व्याकरणाची शिकवणी लावू नका. घोटाळा इंग्रजीचा नाहीच.

मी स्वतः सांगलीत मराठी माध्यमात शिकले. आमच्या वेळी निबंध म्हणजे ‘विज्ञान : शाप की वरदान’. निम्मा शाप, निम्मा वरदान, आणि शेवटी ‘हे सर्व वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. मधे एखादं सुभाषित पेरलं की बाई खूश. तुमचाही निबंध असाच झाला असेल आणि नकळत मुलीलाही तुम्ही तेच सांगत असाल: सगळं आलं पाहिजे, कुणाला दुखवायचं नाही. इथे तो शेवट कुणी लिहिला तर मी समासात लिहिते, ‘बरं, पण तुझं म्हणणं काय?’ गोष्ट मला माहीत आहे, पुस्तक मीच नेमलंय. तिला त्यात काय दिसलं ते मला माहीत नाही, आणि निबंध तेवढ्यासाठीच हवा असतो.

गेल्या वर्षीचं उदाहरण देते. वर्गात फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र चालू होतं, गुलामगिरीतून पळालेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं, १८४५ साली आलेलं. (मराठी घरातल्या मुलांना मी आवर्जून सांगते की १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बहुतेकांना घरी कुणी सांगितलेलं नसतं.) लहानग्या डग्लसला बॉल्टिमोरमध्ये मालकीण अक्षरं शिकवायला लागते आणि नवरा तिला थांबवतो, वाचायला शिकला की हा कामाचा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग हा पोरगा काय करतो, बाहेर कामाला पाठवलं की पुस्तक बरोबर घेतो, घरातला पावही घेतो. गल्लीतल्या गरीब, भुकेल्या गोऱ्या मुलांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून धडा शिकून घ्यायचा.

यावर एका मुलीने लिहिलं, ‘यावरून डग्लसला शिक्षणाचं महत्त्व किती वाटत होतं ते दिसतं.’ वाक्य खरं आहे. पण त्यावर वाद घालायला कोण येणार? आणि वादच नसेल तर पुढची तीन पानं कशासाठी लिहायची? मग ती पानं गोष्ट सांगून भरली जातात. तुमच्या मुलीचं नेमकं हेच होत असणार.

मी तिला तेवढंच अर्धं पान परत वाचायला दिलं आणि विचारलं, इथे खटकतं काय? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, तो मुलांची नावं सांगत नाही. गल्लीचं नाव देतो, फिल्पॉट स्ट्रीट, जवळची गोदी कुणाची तेही देतो, आणि नावं मात्र गिळतो. का, तर त्या मुलांना अडचण होऊ नये म्हणून. गुलामाला वाचायला शिकवणं हा तिथे जवळजवळ अक्षम्य गुन्हा होता. बाई, पुढेही असंच आहे का, असं तिनेच विचारलं. मी म्हटलं, शोध.

दोन दिवसांनी आली ती यादी घेऊन. रविवारची शाळा ज्याच्या घरात भरायची त्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाचं नाव नाही. स्वतः पळाला कसा, तेही नाही. उलट सिव्हिअर, गोर, कोव्ही, ऑल्ड हे छळणारे मालक आणि मुकादम सगळे नावानिशी हजर. पुस्तक आलं तेव्हा डग्लस कायद्याने गुलामच होता आणि त्याच वर्षी त्याला ब्रिटनला निघून जावं लागलं, हे लक्षात घेतलं तर या नावांचं वजन कळतं. तिच्या दुसऱ्या खर्ड्याचं पहिलं वाक्य असं झालं: ‘डग्लस छळणाऱ्यांची नावं छापतो आणि मदत करणाऱ्यांची लपवतो, म्हणून हे पुस्तक आठवणींपेक्षा कोर्टातल्या साक्षीसारखं वाचायला हवं.’ आता यावर भांडता येतं. मी लगेच भांडले: ‘मग सँडी जेंकिन्सचं काय?’ कोव्हीकडून पळून आलेल्या डग्लसला आसरा देणारा सँडी, स्वतः गुलाम, आणि त्याचं नाव तर डग्लस सरळ लिहितो. बिचारीचा चेहरा पडला. पण तिने त्यावर एक आख्खा परिच्छेद लिहिला. तिचं उत्तर मला पूर्ण पटलं नाही. ए मात्र त्याच परिच्छेदाला दिला.

पाच परिच्छेदांचा साचा (प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप) वापरावा का, असंही तुम्ही विचारलंय. नववीपर्यंत ठीक. पहिल्या वर्षी मी अकरावीलाही तोच घोटवून घेतला आणि शंभराच्या वर एकसारखे निबंध तपासत बसले, प्रत्येकात तीन मुद्दे, तिसरा ओढूनताणून आणलेला. चूक माझीच होती. पुढे ती एपी लँग्वेजची, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची इंग्रजीची परीक्षा देणार असेल तर तिथल्या प्रत्येक निबंधाला सहा गुण असतात: भूमिकेला एक, पुरावे आणि त्यांवरच्या भाष्याला मिळून चार, उरलेला एक विचाराच्या खोलीला. परिच्छेद किती ते कुणी मोजत नाही.

आता घरी काय करायचं. तिचा जुना निबंध काढा आणि पिवळा मार्कर तिच्याच हातात द्या. ज्यांतून पुस्तक न वाचलेल्या माणसाला फक्त ‘पुढे काय झालं’ एवढंच कळेल, ती सगळी वाक्यं रंगवायची. बहुतेक पान पिवळं होतं. तुम्ही काही बोलू नका, तिला दिसेल. मग नवीन निबंधाआधी स्वयंपाक करता करता तिला विचारा, मराठीतच विचारा, की या पुस्तकात तुला न पटलेलं, खटकलेलं, चमत्कारिक वाटलेलं काय? तुम्ही पुस्तक वाचलेलं नसेल तर उत्तमच, कारण मग तिला समजावून सांगावं लागेल आणि तुम्हाला मनापासून ‘कशावरून?’ विचारता येईल. मुलं बोलताना भांडतात आणि लिहायला बसली की शहाण्यासारखी वागतात. बोललेलं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला सांगा, भूमिका त्यातच सापडते.

अवतरणं लांबलचक नकोत. चार ओळी उतरवण्यापेक्षा त्यातले चार शब्द उचलावेत आणि त्या शब्दांवर तीन-चार वाक्यं स्वतःची लिहावीत. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर आपली मुलं हटकून घसरतात: लेखक पानावर जे करतो ते वर्तमानकाळात लिहायचं. डग्लस नावं लपवतो, ‘लपवली’ नाही. भूतकाळात लिहायला लागलं की हात आपोआप गोष्ट सांगायला लागतो.

चॅटजीपीटीचं म्हणाल तर त्यातून येतं ते याच ‘शिक्षणाचं महत्त्व’ छापाचं. आता पहिला खर्डा मी वर्गातच, हाताने लिहून घेते.

आणि बाईंना तुम्ही ईमेल करू नका. मुलीला जाऊ दे, शाळा सुटल्यावर, तो पिवळा झालेला कागद घेऊन. माझ्याकडे असा कागद घेऊन आजवर दोघंच आली आहेत. दोघांनाही मी खुर्ची दिली आणि घरी जायला उशीर केला.