सीमा ओलांडणारा वाघ कोणत्या राज्याचा?

राजकीय सीमांमुळे दुर्मीळ वन्यप्राण्यांच्या संरक्षणात नेमकी अडचण कुठे येते, असे आपण विचारले आहे. अशा वेळी देशांच्या सीमांवरची तारांची कुंपणे डोळ्यांपुढे येतात. मी महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या दोडामार्गचा असल्याने जिथे कुंपण नावालाही नाही अशा सीमेबद्दल लिहितो.

कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प व भीमगड अभयारण्य, गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि आमच्याकडचे तिळारी खोरे यांचे रान एकमेकांना लागून आहे, आणि वाघ त्यातून ये-जा करतात. शिकारबंदी तिन्ही राज्यांत सारखीच आहे. मात्र व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचे काम कायद्याने राज्य सरकारकडे असल्यामुळे, काळीत कोअर (गाभा) क्षेत्राचे संरक्षण आणि व्याघ्र प्रकल्पाचा निधी ज्याच्या वाट्याला येतो, तोच वाघ म्हादईत उतरला की साध्या अभयारण्यातला ठरतो.

हे वाघ कर्नाटकातून येणारे पाहुणे आहेत, असा युक्तिवाद गोव्यात अनेक वर्षे ऐकू येत होता. जानेवारी 2020 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली, तेव्हा तो फोल ठरला, कारण पाहुणी म्हणून आलेली वाघीण पिल्ले वाढवत बसत नाही. ज्याची गाय वाघाने मारली, त्याला वाघ कुठल्या राज्यातून आला याच्याशी कर्तव्य नसते. त्याला वेळेवर पंचनामा आणि भरपाई हवी असते, आणि वनखाते वाघाला आपला मानत नसेल तर नेमके तेच रेंगाळते, असे माझे मत आहे.

जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर 2013 मध्ये बंदी घालणारेही मुंबई उच्च न्यायालयच होते. दोन राज्यांना उच्च न्यायालय एकच असल्याचा हा फायदा, पण काळीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

तिळारीचे पाणी महाराष्ट्र आणि गोव्याने वाटून घेतले आहे. धरणाच्या खर्चापासून कालव्यांपर्यंत सारे करारात बांधलेले आहे. त्याच खोऱ्यातल्या वाघासाठी असा करार, कर्नाटकालाही सोबत घेऊन, झालेला मला पाहायचा आहे.