दार वहिनी उघडतात

चिरंजीवास काकाचे अनेक आशीर्वाद.

गेल्या शनिवारी कोथरूडला तुमच्या घरी जाऊन आलो. सव्वातीन वाजले असतील. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "भावजी तुम्ही होय! मला वाटलं, अजून कुणी घर बघायला आलं." कुकर उघडलासुद्धा नव्हता. सकाळी अकरापासून चार पार्ट्या येऊन गेल्या होत्या आणि सिंकमध्ये अकरा कप होते. सगळ्यांना चहा केला होता, स्वतः मात्र त्या जेवल्या नव्हत्या.

तुझ्यावर रागावून हे लिहीत नाही. बंगळूरला बसून नोकरी सांभाळत तू आईचं घर विकायला काढलंस, ते आईला जवळ न्यावं म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण एजंटचा फोन येतो तेव्हा 'हो, पाठवा' तू म्हणतोस आणि दार वहिनी उघडतात. दोन जिने चढून दमलेली पार्टी आत येते, पाणी मागते, बेडरूमचं कपाट उघडून बघू का विचारते आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून जाते. हे आठवड्यात दहा वेळा झालं, तर राहत्या घराची धर्मशाळा होते. मी सव्वीस वर्षं कोथरूड, कर्वेनगर भागात जुनी घरं विकून दिली. राहतं घर कसं दाखवावं, हे मला कळतं ते बरंचसं माझ्या हातून झालेल्या चुकांमुळे.

त्यातली एक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक पार्टी अचानक आली, उद्या परगावी जाणार म्हणाली. मी मालकांना फोन न करता थेट घेऊन गेलो. त्या घरी वर्षश्राद्ध होतं. पानं वाढलेली होती, गुरुजी जेवत होते आणि माझी माणसं पानांच्या मधून बाल्कनी बघायला गेली. घरातल्या आजी काहीच बोलल्या नाहीत. पार्टी गेल्यावर मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुमचाही धंदा आहे." ते वाक्य अजून टोचतं. त्यानंतर वेळ ठरल्याशिवाय मी कुणाच्याही उंबऱ्यात पाय टाकला नाही, आणि त्यापायी गेलेली गिऱ्हाइकं फारशी मोठी नव्हती. ज्याला घर खरंच घ्यायचं असतं तो चार दिवस थांबतो.

म्हणून पहिलं काम हे कर. आठवड्यातल्या दोनच वेळा ठरव. मला सुचतात त्या अशा: बुधवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा आणि रविवारी सकाळी साडेदहा ते बारा. तुमचा हॉल पश्चिमेचा आहे, संध्याकाळच्या उन्हात तो सगळ्यात चांगला दिसतो. गुरुवारी नको. दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी त्याच दिवशी बंद असतं, आणि अंधाऱ्या बाथरूममध्ये नळ उघडून बघणारा माणूस मनात शंका घेऊनच जातो. दुपारी एक ते चार कुणीही नाही, मग तो अमेरिकेहून दोन दिवसांसाठी आलेला असला तरी. एका वेळेत जास्तीत जास्त तीन पार्ट्या, मध्ये अर्धा अर्धा तास. "मॅडम, पार्टी खालीच उभी आहे" असा फोन आला, तर वहिनींनी फक्त "मुलाला विचारा" म्हणायचं आणि तू 'नाही' म्हणायचंस. हा नकार तू द्यायचा आहेस. त्यांना जमणार नाही. दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नाही.

दुसरं, पाच एजंट कमी करून एक ठेव. पाच असले की एकच पार्टी दोघांच्या हातून दोनदा येते आणि दलालीवरून भांडण तुमच्या जिन्यात होतं.

आता फोनवरच्या चाळणीबद्दल. ही नीट केलीस तर घरी येणारी माणसं निम्मी होतील. तुम्ही ९० लाख धरले आहेत. एवढ्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देऊ शकते. उरलेले १८ लाख घेणाऱ्याचे. शिवाय पूर्ण ९० लाखांवर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे खिशात २४ लाख ६० हजार असल्याशिवाय हे घर घेता येत नाही. खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, ९० हजार वाचतात. तू फोनवर दोनच गोष्टी विचार: कर्ज मंजूर करून घेतलंय का, आणि स्वतःचे पैसे हाताशी आहेत की आधी दुसरं घर विकायचंय? ज्याने हा हिशेब केलेला असतो तो लगेच उत्तर देतो. जो "ते बघू हो, आधी घर तर दाखवा" म्हणतो, त्याला फोटो आणि नकाशा पाठव, वहिनींच्या दारात पाठवू नकोस.

नकाशा म्हणालो, तो खरंच करून घे. तुमच्या जुन्या करारनाम्यात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळ, लिहिलं असणार, आणि हल्ली प्रत्येक जण कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, विचारतो. गणपतीला येशील तेव्हा टेप घेऊन एकदा सगळ्या खोल्या मोज, साध्या कागदावर काढ, उत्तर दिशा दाखव. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही हे बघायला लोक मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन येतात. ते घरबसल्या कळलं तर ज्यांना वास्तूचं पटणार नाही ते येणारच नाहीत. लिफ्ट नाही हेही आधीच सांग. दोन जिने चढून आल्यावर "अरे, लिफ्ट नाही?" म्हणणाऱ्यांना वहिनींनी किती वेळा पाणी द्यायचं?

जाहिरातीत घरी फक्त आई असते असं कळेल असं काही लिहू नकोस. फोटोत दाराचं कुलूप, फ्लॅटचा नंबर दिसायला नको. दागिने, ठेवींच्या पावत्या, बाबांची जुनी कागदपत्रं लॉकरमध्ये जाऊ देत. किल्ली ना एजंटकडे, ना वॉचमनकडे. आणि वहिनी एकट्या असताना कुणीही आत येणार नाही, हे पक्कं. ठरलेल्या दोन्ही वेळांना मी येऊन बसेन. मला जमणार नाही तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या ताई बसतील, त्यांना मी विचारलंय.

चहाबद्दल वहिनींशी मीच बोलेन. पहिल्या खेपेला पाणी, दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला चहा, असं त्यांना पटेल असं वाटतं. अजिबात देऊ नका म्हटलं तर त्यांना अपमान वाटेल, आणि त्यांचं बरोबर असेल. त्या बोलतातही मोकळं. शनिवारी एका जोडप्याला त्यांनी सांगून टाकलं की दिवाळीच्या आत मुलाकडे जायचंय. त्या वाक्याने किंमत खाली आली. मी त्यांना एवढंच सांगणार आहे की पैशाचं आणि तारखेचं कुणी विचारलं तर "ते मुलगा बघतो" म्हणा. बाकी पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे, स्टेशनला कुठली बस जाते, हे त्यांच्याइतकं छान कुणी सांगणार नाही. घर विकायला त्याचा उपयोगच होतो.

एजंट तुला म्हणाला ना, की हॉलमधला हार घातलेला फोटो काढून ठेवा, लोकांना बरं वाटत नाही? तो काढू नकोस. तुझ्या बाबांनी त्या हॉलमध्ये एकतीस वर्षं पेपर वाचला. वहिनींना त्रास होतो तो फोटोमुळे नाही. प्रत्येक नवा माणूस "काय झालं होतं?" विचारतो आणि त्यांना तो दिवस पुन्हा सांगावा लागतो. मी असलो की ते मी एका वाक्यात सांगेन आणि पाहुण्यांना बाल्कनीकडे नेईन. देवघरापाशी चपला घालून कुणी जाणार नाही, हेही माझ्याकडे. माळे मात्र रिकामे करायला घ्या. सामान कमी झालं की खोल्या मोठ्या दिसतात आणि ते काम पुढे करायचंच आहे. पण रोज एकच माळा, वहिनींना विचारत विचारत.

मागच्या बेडरूमच्या भिंतीला पावसात ओल येते. रंग मारून ती झाकू नका. सहज नजरेला न येणारा दोष घेणाऱ्याला सांगणं हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याचं कर्तव्यच आहे. शिवाय लपवलेली ओल दुसऱ्या भेटीत सापडते आणि मग तोच माणूस प्रत्येक भिंतीवर बोटं वाजवत फिरतो. मी पहिल्याच भेटीत भिंत दाखवणार आहे. पुनर्विकासाचंही हमखास विचारतील. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात जे लिहिलंय तेवढंच सांगायचं, जिन्यात ऐकलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात. सोसायटीने सभासदत्व वहिनींच्या नावावर केलं असलं तरी मालकीत तुझा आणि तुझ्या बहिणीचाही वाटा आहे. एक तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करा, नाहीतर खरेदीखताला तिघंही सह्या करा. पण कुठलं ते घर दाखवण्याआधी ठरवा. नाहीतर पसंत पडलेलं गिऱ्हाईक वकिलाकडून परत फिरतं आणि पुन्हा पहिल्यापासून घर दाखवणं सुरू होतं. कागदांच्या झेरॉक्स दाखवायच्या, मूळ प्रती नाहीत. व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, त्यामुळे घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे प्राप्तिकर, कापून भरेल, तेव्हा पॅनचे तपशील तयार ठेव. रोख इसार, म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम, कुणी देऊ केला तर घेऊ नकोस. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता येत नाही.

इसार झाला की वर्दळ संपते असं तुला वाटेल. खरी वर्दळ तेव्हा सुरू होते. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, त्याला अडवता येत नाही. मग सासू-सासरे, मग फर्निचरवाला माप घ्यायला, मग पेस्ट कंट्रोलवाला, मग "आमच्या मावशी फक्त एकदा बघून जातील." घेणाऱ्याच्या मनात घर त्याचं झालेलं असतं, आणि वहिनी अजून तिथे स्वयंपाक करत असतात. मी एकदा पाहिलंय, ताबा मिळायच्या दीड महिना आधी घेणाऱ्याचा सुतार राहत्या बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत होता, आणि पलंगावर माणूस झोपलेला होता. म्हणून इसार घेतानाच लिहून ठेव: ताब्यापर्यंत बँकेच्या माणसाशिवाय दोन भेटी, आधी दोन दिवस कळवून.

गौरी-गणपतीत घर दाखवायचं नाही. पुढे पितृपक्षात फारसं कुणी फिरकत नाही, तो पंधरवडा वहिनींना निवांत मिळू दे. घटस्थापनेपासून फोन वाढतील, दसऱ्याचा मुहूर्त गाठायची लोकांना घाई असते, आणि तुझी किंमत मिळाली तर तेव्हाच मिळेल.

मी येत्या रविवारी साडेदहाला जाऊन बसतो. त्याआधी आज रात्री वहिनींना फोन कर आणि विचार, बुधवार चालेल का. त्यांचं भजनी मंडळ बुधवारी असतं असं अंधुक आठवतंय. असेल तर मंगळवार धरू.

तुझा,
काका