आधी गुडघा, मग राजीनामा

पुण्यात नोकरी करणाऱ्या 39 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. बॅडमिंटन खेळताना गुडघा पिळवटला, आतली गादी म्हणजे मेनिस्कस फाटली, आता गुडघा मधूनच अडकतो. चार महिन्यांपूर्वी एमआरआय झालाय. दुसरे सर्जन म्हणतात, नवा 3 टेस्ला (जास्त ताकदीच्या चुंबकाचा) एमआरआय आणि उभं राहून काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे हवा. खर्च साडेनऊ हजार. दुर्बिणीतून ऑपरेशनचा अंदाज 1 लाख 90 हजार. प्रश्न दोन: हा एमआरआय म्हणजे पैसे उकळणं आहे का, आणि ऑपरेशनसाठी एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? शेवटी जाता जाता लिहिलंय, "पुढच्या महिन्यात राजीनामा देतोय, भावाबरोबर साताऱ्यात टाइल्सचं दुकान टाकतोय. मोकळा झालो की निवांत ऑपरेशन करीन. मेडिकलची काळजी नाही, एजंटने सहा वर्षांपूर्वीच पॉलिसी दिली आहे."

एमआरआय करून घ्या. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर टाक्यांनी जुळू शकते. आतल्या भागातली सहसा जुळत नाही, तेवढा तुकडा काढावा लागतो. चीर कुठे आहे, किती लांब आहे, गादी मुळाशी सुटली आहे का, हे एमआरआयत दिसतं. आणि चार महिने अडकत्या गुडघ्यावर चालल्यावर ती वाढलेलीही असू शकते. पायाला बाक असेल तर भार एकाच बाजूला पडतो. तो बाक उभ्याच्या एक्स-रेत कळतो, झोपून काढलेल्या एमआरआयत नाही. टाके घातले तर त्यासाठी आत बसवायच्या इम्प्लांटचे पैसे वेगळे आणि साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या. तुकडा काढला तर बिल कमी, पायही लवकर मोकळा. शेवटचा निर्णय दुर्बीण आत गेल्यावरच होतो, म्हणून दोन्हींचं अंदाजपत्रक लेखी घ्या.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्राला जोडलेली पॉलिसी मी वाचली. तो मेडिक्लेम नाही! ती 20 वर्षांची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे बचत आणि जीवनविमा एकत्र, आहे, वर्षाला 60 हजार हप्ता, वर गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे जोडकव्हर. त्या रायडरच्या यादीत कॅन्सर, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं आहे, गुडघा नाही. "आजारपणात पैसे मिळतात" एवढं सांगून ही तुमच्या गळ्यात मारली, याचा मला राग येतो. सहा वर्षांत 3 लाख 60 हजार गेले आणि आज तुमच्या घरात स्वतःचा एक रुपयाचाही मेडिक्लेम नाही.

जो खरा मेडिक्लेम आहे, तो कंपनीचा 5 लाखांचा. तो तुम्ही पुढच्या महिन्यात सोडायला निघालात, गुडघा तसाच ठेवून. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो संपतो. नंतर नवी पॉलिसी घेतली तर हा गुडघा आधीचा आजार ठरणार, आणि त्याला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गुडघ्याचं लपवून पॉलिसी घ्यायचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाशी व्यवहार थांबवा. एमआरआयवर तारीख आहे. क्लेम तिथेच अडकेल, आणि पुढे बायको-मुलाच्या आजारपणात पॉलिसीच रद्द झालेली असेल.

म्हणून क्रम उलटा करा. एचआरकडून ग्रुप पॉलिसीचं पत्रक मागा, टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) कॅशलेसची मंजुरी घ्या, ऑपरेशन करा, मग राजीनामा द्या. तुमचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. कुबड्यांचे दिवस पगारात निघतील. बहुतेक ग्रुप पॉलिसींत हॉस्पिटलात भरती होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या आणि नंतरच्या 60 दिवसांतल्या बिलांचे पैसेही मिळतात. नवा एमआरआय त्या 30 दिवसांत बसवा, सर्जनची चिठ्ठी आणि मूळ पावती जपून ठेवा. साडेनऊ हजार बहुधा परत येतील. एफडी आणि लोन हा प्रश्नच मग उरत नाही. समजा क्लेम थोडा कापला गेला, तर फरक एफडीतून भरा. 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी 1.9 लाखांचं लोन काढलं तर व्याजच 44 हजारांच्या घरात जातं.

नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आतापर्यंत झालेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. तिघांसाठी निदान 10 लाखांचं कव्हर घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

हप्त्याचे पैसे कुठून? त्या एंडोमेंटमधून. 20 वर्षांत 12 लाख भरून, वर्षाला 5 टक्के परतावा धरला, तर हातात 21 लाखांच्या आसपास येतील, आणि 6 टक्के महागाईत त्यांची किंमत आजच्या सव्वानऊ लाखांएवढी असेल. "दुप्पट मिळणार" ही आशा सोडा. पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर किती आणि सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर किती, हे शाखेकडून लेखी घ्या. आकडे हातात आले की मला पाठवा. मात्र टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, मिळेपर्यंत ती बंद करू नका. आज तुमच्यामागे तेवढंच जीवनकव्हर आहे.

राहिला आईंचा गुडघा. "जोडीने स्वस्त पडतो" म्हणून 66 व्या वर्षी त्यांचाही एमआरआय करायचा म्हणता. त्या वयात काही दुखत नसतानाही गादीला चीर दिसणं अगदी नेहमीचं आहे. झिजेतून आलेल्या अशा चिरेवरच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची फिनलंडमध्ये नाटकी, म्हणजे केल्याचं फक्त भासवलेल्या, ऑपरेशनशी तुलना झाली. 2013 मध्ये निकाल आला, तेव्हा वर्षभरानंतर दोन्हींत विशेष फरक नव्हता. त्यांना आधी फिजिओथेरपिस्टकडे न्या.