इंग्लंडमधले जुने पब बंद का पडताहेत, आणि पडले तर बिघडलं काय?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. इंग्लंडमधले गावोगावचे जुने पब भराभर बंद का होताहेत, आणि "शेवटी दारूचे अड्डेच ते, बंद झाले तर वाईट वाटण्यासारखं काय?" पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी, कारण हेच वाक्य, "अड्डे" या शब्दासकट, माझा सख्खा थोरला भाऊ मला गेली दहा-पंधरा वर्षं ऐकवतोय.

मी मिरजेची. नर्सिंगही तिथंच केलं. २००२ मध्ये इकडच्या सरकारी दवाखान्यांना बाहेरून नर्स हव्या होत्या, तेव्हा यॉर्कशायरमधल्या एका जुन्या गिरणगावात आले. लोकरीच्या गिरण्या माझ्या येण्याआधीच बंद पडल्या होत्या, धुराडी तेवढी उभी होती. मी दारूला कधी शिवलेली नाही. माझे एक काका गुत्त्यापायी गेले, जाताना दोन एकर विकून गेले, त्यामुळे दारू म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

संध्याकाळची पाळी सव्वानऊला सुटायची. बसथांब्यासमोर पब होता. पाटीवर नांगराचं चित्र. (पबच्या पाट्यांवर चित्र असतं ते लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी. १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजानं पबबाहेर पाटी लावायची सक्तीच केली होती.) घरी फोनवर मी त्याला "नांगर" म्हणायचे, म्हणून इथंही तेच नाव. पहिला हिवाळा, बर्फ पडत होतं, शेवटची बस आलीच नाही. मी तासभर थांब्यावर उभी. त्या खिडकीतून पिवळा उजेड दिसत होता, पण आत जायची हिंमत होईना. सगळं आयुष्य "गुत्त्याच्या बाजूनं जायचं नाही" हे ऐकलेलं. शेवटी मालकीणबाईच दार उघडून बाहेर आल्या, काही न विचारता माझा हात धरला आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं. चहा दिला. पैसे घेतले नाहीत. मग बारवर, म्हणजे काउंटरवर, कोपर टेकून उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणाल्या, "तू पीत नाहीयेस ना आज? हिला घरी सोडून ये."

त्यानंतर पंधरा वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी तिथं बसले. लिंबू-सोडा प्यायले. माझं इंग्रजी तिथं सुधारलं. आजी गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही, ती रात्र मी तिथं काढली. तुम्ही "अड्डा" म्हणालात म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र नीट सांगायची आहे, ती किल्ल्यांची. बारच्या मागे, ग्लासांच्या फळीखाली, सहा-सात आकडे ठोकलेले होते. प्रत्येकावर एक घराची किल्ली, प्रत्येक किल्लीला बाटलीचं बूच बांधलेलं आणि बुचावर बॉलपेननं घरनंबर. आसपासच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या त्या किल्ल्या. खिडकीजवळच्या बाकावर एक आजोबा बसायचे, गिरणीत मुकादम होते. रोज पाचला यायचे, अर्धा पाइंट, म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त बिअर घ्यायचे, सातपर्यंत पुरवायचे आणि जो सापडेल त्याच्याशी डॉमिनोज (ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ) खेळायचे. एका मंगळवारी सव्वापाच झाले तरी आले नाहीत. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुटीवर होते. त्यांनी आकड्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि एका पोराला बरोबर धाडलं. आजोबा स्वयंपाकघरात पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारी साडेतीनला पडले होते, आम्ही साडेपाचला पोचलो. थंड फरशीवर त्या वयाचा माणूस रात्रभर पडून राहिला तर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. आजोबा त्यानंतर सात वर्षं जगले.

आता कारणं. मी त्यांना मालकीणबाई म्हणते खरी, पण त्या मालक नव्हत्या. ही गोष्ट भारतातून बघणाऱ्याला कळतच नाही. त्या कूळ होत्या. इमारत एका बड्या कंपनीची. कुळानं खंड भरायचा, आणि वर बिअरही कंपनीकडूनच, कंपनी सांगेल त्या भावानं घ्यायची. बाहेर तेच पिंप कितीतरी स्वस्त मिळत असलं तरी बाहेरून आणायचं नाही. जमीनदाराची जमीन कसा, आणि बी-बियाणंही त्याच्याच दुकानातून घ्या, असं झालं हे. पूर्वी हे पब बिअर गाळणाऱ्या कारखान्यांचे असत. १९८९ मध्ये सरकारनं कायदा केला की २,००० पेक्षा जास्त पब ज्या कारखान्याकडे असतील त्यानं वरच्यांपैकी निम्मे या बंधनातून मोकळे करायचे. हेतू चांगला होता. झालं असं, की कारखान्यांनी पब विकले आणि ते नव्या कंपन्यांनी हजारोंनी, कर्ज काढून घेतले. त्यांना बिअर गाळायची नव्हती, भाडं हवं होतं. कर्जाचा बोजा फिरून कुळाच्या डोक्यावर आला. २०१६ मध्ये कुळांना बाजारभावानं भाडं देऊन या बंधनातून सुटायचा हक्क मिळाला, पण तो मागायला वकील लागतो, आणि नांगरच्या गल्ल्यातून वकिलाची फी निघत नव्हती.

बाकीची कारणं तुम्ही वाचलीच असतील. १ जुलै २००७ पासून आत सिगारेट ओढायला बंदी आली. (बरं झालं, माझ्या साड्यांना वास यायचा.) २००८ ची मंदी. त्याच वर्षापासून पाच वर्षं बिअरवरचा कर महागाईच्याही वर वाढत गेला. मग करोना, मग वीज-गॅसची बिलं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे सुपरमार्केट. पबमधल्या एका पाइंटच्या पैशात तिथं चार डबे येतात. २००० साली सगळ्या ब्रिटनमध्ये पब ६०,००० च्या घरात होते, आता ४५,००० च्या आसपास आहेत.

आणि जागेची किंमत. पब म्हणून जी इमारत दीड लाख पौंडांची, ती फ्लॅट पाडले की पाच लाखांची. लंडनमध्ये किलबर्नजवळचा कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये एका बिल्डरनं परवानगी न घेता जमीनदोस्त केला. लोक इतके चिडले की त्याला तो विटेला वीट लावून पुन्हा बांधावा लागला, २०२१ मध्ये पुन्हा उघडला. सगळीकडे असं होत नाही.

आमच्याकडे नाही झालं. २०१७ मध्ये कंपनीनं मालकीणबाईंकडे भाडं वाढवून मागितलं, त्यांनी हात टेकले. बंद करायच्या दिवशी त्या किल्ल्या परत करत घरोघर हिंडल्या. दोन घरांत किल्ली सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, त्या दोन माझ्याकडे आल्या.

मग आम्ही तो पब विकत घ्यायचं ठरवलं. इकडे २०११ चा कायदा आहे. गावातल्या २१ माणसांनी मिळून अर्ज केला तर एखादी वास्तू गावाच्या कामाची म्हणून नगरपालिकेच्या यादीत घालता येते. मग मालकानं ती विकायला काढली, की गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळतात. आम्ही सहकारी संस्था काढली. शेअर घ्यायचे, कुणी कितीही घेवोत, मत एकालाच एक. मी त्या सभेत उभी राहून सांगितलं की हे मला नवीन नाही, मी साखर कारखान्यांच्या मुलखातली आहे, आमच्याकडे उसाच्या शेतकऱ्यांनी असेच पैसे जमवून कारखाने उभे केले. तेव्हा आजोबा म्हणाले, सहकार निघाला तो रॉचडेलला, १८४४ मध्ये, आमच्या या डोंगरापलीकडे. दोघांचंही खरं होतं. कंब्रियात हेस्केट न्यूमार्केट नावाच्या खेड्यानं २००३ मध्ये आपला पब असाच विकत घेतला, अजून चालवतात.

मी ५०० पौंड घातले. ओळखीच्या मराठी घरांत फोन केले, एकानं शेअर घेतला, बाकीच्यांनी "दारूच्या दुकानाला कसली वर्गणी" म्हणून फोन ठेवले. आणि दादा. दादानं मला फोनवर जे ऐकवलं ते अजून टोचतं. तो म्हणाला, "आईनं गावातला गुत्ता बंद करायला उन्हात उभं राहून आडव्या बाटलीला मत दिलं, आणि तू दारूचं दुकान वाचवायला झोळी घेऊन फिरतेस."

आईनं मत दिलं होतं हे खरं आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. आमच्या गावात झालं आणि मला त्याचा अभिमान आहे. तो गुत्ता होता. तिथं बाई पाय ठेवू शकत नव्हती, माणूस भिंतीकडे तोंड करून ग्लास रिकामा करायचा आणि घरी जाऊन हात उचलायचा. नांगरमध्ये गुरुवारी प्रसूतिगृहाच्या आयाबाया जमायच्या, रविवारी पोरंबाळं जेवायला यायची, मालकीणबाई नवऱ्यांना "तुझं पुरे झालं, जा घरी" म्हणून पंप बंद करायच्या, आणि ते जायचे. मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बायका बसतात का गं तिथं?" म्हटलं, बसतात. म्हणाली, "मग घाल पैसे."

दादाला हे सांगितलं तरी पटलं नाही. २०१४ मध्ये तो इकडे आला होता तेव्हा मी त्याला घेऊन गेले होते. तो आत आला नाही. चाळीस मिनिटं थंडीत बाहेर उभा राहिला. मालकीणबाईंनी बशीत कप ठेवून त्याला बाहेर चहा नेऊन दिला. दादा, तू हे वाचशील, म्हणून विचारते: गुत्त्यावाल्यानं आजवर कुणाच्या भावाला असा चहा नेऊन दिलाय?

आणि पब बंद झाला म्हणून पिणं बंद होत नाही. हे मी वॉर्डातून सांगते. यकृत गेलेले जे रुग्ण माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक घरी, एकटे, डबे आणि व्होडका घेऊन बसणारे. २०२० मध्ये करोनामुळे ब्रिटनमधले सगळे पब कित्येक महिने बंद होते. त्या वर्षी निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढले. पबमध्ये थांबवणारं कुणी असतं. घरी फ्रिज असतो.

आमचे पैसे कमी पडले. सहा महिने संपले, शेअरचे पैसे ज्याचे त्याला परत मिळाले. कंपनीनं इमारत एका बिल्डरला विकली. त्यानं छप्पर गळू दिलं, दोन हिवाळे फळ्या ठोकून ठेवली, आणि मग म्हणाला की आता पब म्हणून ही चालणं शक्य नाही. नगरपालिकेनं एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा हो म्हटलं. आता तिथं चार फ्लॅट आहेत.

एक राहिलं, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. सगळे पब नांगरसारखे नसतात. याच गावातल्या दुसऱ्या एका पबमध्ये मी शिरले तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या आणि बोलणं थांबलं, पुन्हा गेले नाही. साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये कित्येक पब आपल्या लोकांना बाहेर ठेवत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स तिथं येऊन ते बघून गेला, आणि त्याच वर्षी अशा भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आज त्या भागातले बरेच पब पंजाबी माणसं चालवतात, भट्टीची कोंबडी आणि बिअर एकाच टेबलावर, आणि म्हणूनच ते टिकलेत. तसंच ज्याच्या घरात दारूचं व्यसन आहे त्यानं पबपासून लांबच राहावं, त्याला माझं हे लिखाण लागू नाही.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सप्टेंबरमध्ये शिकायला लीड्सला येताय आणि पीत नाही. तरी जा. शहराच्या मधल्या झगमगीत बारमध्ये नाही, राहत्या गल्लीतल्या जुन्या पबमध्ये, आणि शनिवारी नाही, मंगळवार-बुधवारी. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, कुणी येणार नाही. बारवर जाऊन मागायचं आणि पैसे तिथंच लगेच द्यायचे. लिंबू-सोडा मागा, कुणी हसत नाही. गर्दी असली तर रांग दिसणार नाही, पण असते. कोण आधी आलं ते बारमागच्या बाईला पक्कं माहीत असतं, तेव्हा हात हलवू नका, पुढे घुसू नका. ती तुमच्याकडे बघेल.