क्षमा केली, तरी राग का जात नाही?

उपासना सुटल्यावर, प्रार्थना गटात, रात्री उशिरा फोनवर, एकच प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. "ताई, मी क्षमा केलीय. गुडघे टेकून केलीय. तरी तो माणूस दिसला की अंगाचा तिळपापड होतो. मग माझा विश्वास खोटा का?" जालना, बीड, संभाजीनगर, कुठंही जा, पैसा आणि नातं एकत्र आलं की हा प्रश्न ठरलेला. आपल्या मराठवाड्यात तर ते एकत्र येतातच. पावसानं दगा दिला, बोअर घ्यायचाय, लेकीचं लग्न ठरलंय, की पतसंस्थेच्या फॉर्मवर जामीनदाराची सही लागते. ती सही भावाची असते, नाहीतर मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, बांधवाची.

अशाच एका सहीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

जालन्याकडे बियाण्याच्या गोदामात नोकरी करणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ. त्यांना दादा म्हणू. चुलतभावाला मोसंबीच्या बागेसाठी बोअर घ्यायचा होता, दादा जामीन राहिले. बोअर कोरडा गेला, हप्ते थकले आणि दादांच्या पगारातून कपात सुरू झाली. तेवढं त्यांनी सोसलं. पण एका रविवारी तोच भाऊ पुढच्या बाकावरून उठून साक्ष द्यायला लागला की प्रभूनं माझी एकही गरज अडू दिली नाही. बाहेर त्याची नवी मोटरसायकल उभी होती. त्या दिवसापासून दादांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षरस, घेणं सोडलं. सगळे उठून पुढं जात, हे बाकावर बसून राहत.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा, कुणी म्हणालं. बांधवानं बांधवाला कोर्टात खेचू नये, दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्यानं येशूनं सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला ऐकवला : धन्यानं ज्याचं मोठं कर्ज माफ केलं तोच चाकर आपल्या छोट्या देणेकऱ्याला सोडत नाही. दादा घरी येऊन पुन्हा गुडघे टेकत आणि रात्री दोनला जागे होत.

मी विचारलं, "भावाशी बोललात?"

"काहून बोलायचं? क्षमा केली ना म्या."

"त्यानं मागितली?"

"नाही."

"आपण काय केलंय हे त्याला कुणी तोंडावर सांगितलंय?"

ते बराच वेळ खिडकीकडं बघत राहिले. "त्याला कळत नसंल का?" म्हणाले. म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी त्या दिवशी उपदेश केला नाही. विचारलं, घरात भिंतीवर कुठलं वचन आहे? म्हणाले, कॅलेंडरवर आहे की, 'तू आपला भार परमेश्वरावर टाक.' ते कुठलं आहे, हे त्यांना पाठ होतं : स्तोत्र ५५, ओवी २२. मी पवित्र शास्त्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, हेच स्तोत्र बाराव्या ओवीपासून वाचा, मोठ्यानं. मी हे मुद्दाम मोठ्यानं वाचायला लावते. मनातल्या मनात वाचलेलं माणूस गुळगुळीत करून घेतं. तोंडातून निघालेलं त्याचं त्यालाच ऐकू येतं.

दादा वाचायला लागले. स्तोत्रकर्ता म्हणतो, शत्रूनं निंदा केली असती तर मी सोसली असती. पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. आपण मिळून देवाच्या घरात जात होतो. इथं दादांचा आवाज अडकला. बोट ओळीवर तसंच ठेवून ते थांबले, मग पुढची ओवी वाचली. त्यात स्तोत्रकर्ता अशा लोकांवर मरण येवो, ते जिवंतपणी अधोलोकात उतरोत, असं मागतो. दादांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडं पाहिलं.

"ताई, हे बायबलमध्ये आहे?"

"तुमच्या कॅलेंडरच्या वचनाच्या सात ओव्या आधी."

"असं देवाला बोलता येतं?"

"बोललंय. आणि ते उपासनेत गायला दिलंय."

मग ते रडले. एवढा दांडगा माणूस, रुमाल तोंडावर दाबून. रडून झाल्यावर त्यांनी भावाबद्दल जे काही होतं ते सगळं ओतलं : साक्ष, मोटरसायकल, मुलाची क्लासची फी भरता आली नाही ती रात्र. शेवटी म्हणाले, "म्या आजवर क्षमेची प्रार्थना केली, पण हे देवाला सांगितलंच नव्हतं."

त्या क्षणी मला जे दिसलं ते पुढं कितीतरी जणांच्या बाबतीत खरं ठरलंय, म्हणून ठामपणे लिहिते. आपण बाविसावी ओवी भिंतीवर लावतो आणि तेरावी ते पंधरावी गाळतो. भार टाका म्हणतो, पण भार कसला ते देवासमोर उघडत नाही. मग टाकायचं काय? दादांचा राग अविश्वासातून आलेला नव्हता. त्यांच्यावर अन्याय झाला होता आणि तो कुणी मान्यच केला नव्हता, ना भावानं, ना मंडळीनं, ना त्यांनी स्वतः.

आता त्या वचनांविषयी. साताच्या सत्तर वेळा हे मत्तय १८ मध्ये एकविसाव्या-बाविसाव्या ओवीत येतं. त्याच अध्यायात पंधराव्या ओवीपासून येशू सांगतो की भावानं अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला दाखव, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. लूक १७:३ तर एका दमात दोन्ही सांगतं : त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. निर्दय चाकराच्या दाखल्यात शंभर दिनारांचा देणेकरी पाया पडतो, मुदत मागतो. दादांच्या भावानं मुदतसुद्धा मागितली नव्हती.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल कोर्टबाजीवर रागावतो, खरं आहे. पण भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असंही तो तिथंच विचारतो. आणि अन्याय का सोसत नाही, असं विचारून लगेच, तुम्हीच भावांना नाडता, असं दुसऱ्या बाजूलाही सुनावतो. सोसायचं की नाही हे ज्याचं नुकसान झालं त्यानं ठरवावं. ज्याच्या पगारातून दमडी कापली जात नाही त्यानं ते परस्पर ठरवू नये, एवढं मला तळमळून सांगावंसं वाटतं.

दादा आधी एकटे गेले. भाऊ हसून म्हणाला, देईन की, पळून चाललोय का. मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतले दोन वडील सोबत गेले. दादांनी पगाराच्या स्लिपा समोर ठेवल्या, महिन्यामागून महिना कपात दाखवली. त्यावर भाऊ मान वर करेना. सोयाबीन विकल्यावर काही रक्कम द्यायचं लिहून ठरलं. त्यानं थोडी दिली, पुढं पुन्हा रखडवली, आजही बाकी आहे. दादा मात्र पहिला रुपया हातात यायच्या आधीच, त्या बैठकीनंतरच्या प्रभुभोजनाला उठून पुढं गेले.

प्रभुभोजनाचं भय अनेकांना असतं, म्हणून थोडं थांबते. अयोग्य रीतीनं खाण्याचा इशारा पौल देतो तो ज्या मंडळीला, तिथं काही जण पोटभर खात-पीत आणि गरीब बांधव उपाशी राहत. भावानं फसवल्याचं दुःख घेऊन येणाऱ्याला हाकलण्यासाठी ते लिहिलेलं नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढं ठेवून आधी समेट कर, हे मत्तय ५ मधलं सांगणं तर दादांपेक्षा त्यांच्या भावालाच जास्त लागू होतं.

समोरचा बधलाच नाही तर? रोमकरांस १२:१८ म्हणतं, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीनं राहा. त्यातला 'शक्य असेल तर' हा भाग मी प्रत्येकाला वाचायला लावते. क्षमा एकट्यानं करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि पुन्हा विश्वास ठेवायला त्याची वागणूक लागते. दादांनी वैर सोडलं, हिशोब सोडला नाही. पुढं मेहुणा जामिनकीसाठी आला तेव्हा म्हणाले, जमंल तेवढे पैसे देतो, सही देणार नाही. नीतिसूत्रे २२ मध्ये हेच आहे : जामीन राहू नकोस, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण जाईल.

ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी पतसंस्थेतून कर्जाचा खातेउतारा मागून घ्यावा. कपात झालेल्या प्रत्येक महिन्याची पावती नाहीतर पगाराची स्लिप जपावी. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४५ प्रमाणे जामीनदारानं रीतसर भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला आहे. तो वापरायचा की सोडायचा हे नवरा-बायकोनं मिळून, प्रार्थना करून, कागद समोर ठेवून ठरवावं.