हायकोर्टाचा घुमट कुणाचा?

प्रश्न : भावाच्या शेतीच्या केससाठी नागपूरच्या हायकोर्टात दोनदा जाणे झाले. ऑटोवाले दादा म्हणाले, दिल्लीचे राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या लुटियन्सनेच हे बांधले. खरे आहे का? आणि मुंबई हायकोर्टाच्या नुसत्या खंडपीठाला एवढी मोठी इमारत कशाला?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : ताई, लुटियन्स नव्हे. आराखडा एच. ए. एन. मेड यांचा. नवी दिल्लीच्या उभारणीत त्यांनी बरीच वर्षे काढली, तिथली दोन मोठी कॅथेड्रल त्यांचीच. त्यामुळे घुमट पाहून दिल्ली आठवते, यात ऑटोवाल्या दादांची फार चूक नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला लागला, कारण ही इमारत खंडपीठासाठी बांधलीच नव्हती. १९३६ च्या जानेवारीत नागपूरला स्वतःचे हायकोर्ट मिळाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते हे शहर! ९ जानेवारी १९३७ ला गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी कोनशिला बसवली आणि ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉयने उद्घाटन केले. खर्च आला ७,३७,७४६ रुपये. व्हाइसरॉय तेव्हा या वास्तूला 'दगडातले काव्य' म्हणाले होते. बाररूममध्ये हे वाक्य आजही अभिमानाने सांगतात. पुढे १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशचे हायकोर्ट जबलपूरला बसले आणि आपल्याकडे खंडपीठ उरले. म्हणजे राजधानीचे हायकोर्ट म्हणून या वास्तूला जेमतेम सतरा वर्षे मिळाली. त्याची हळहळ मला अजून वाटते.

मी इथे ज्युनिअर म्हणून आलो ते मे महिन्यात. सायकलवरून काळ्या कोटात घामाघूम होऊन व्हरांड्यात शिरलो आणि अंगावरचे ऊन उतरले. बाहेरून घडीव वालुकाश्म, आत विटांचा गाभा, अशा या जाड भिंती. व्हरांड्यात शहाबादी आणि सिकोसा फरशी. सीनिअरांची फाइल धरून उभा असताना मी गुपचूप जोडा काढून तळवा त्या फरशीला टेकवत असे.

मापे सांगतो, म्हणजे घुमट एवढा का उठून दिसतो ते कळेल. इमारत ४०० फूट लांब, २३० फूट रुंद, पण दुमजली, उंची साधारण ५२ फूट. घुमट मात्र जमिनीपासून १०९ फूट, म्हणजे दुपटीहून जास्त. एवढा आडवा पसारा आणि मधोमध एकच उंच गोलाई. नजर दुसरीकडे जातच नाही.

पण लोक घुमट पाहून परततात. मला विचाराल तर खरी जागा आतली. चारही बाजूंनी इमारत आणि मधे मोकळा बगिचा. पुढच्या पेशीला अर्धा तास आधी या, भावालाही आणा आणि वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून तो बगिचा पाहा.